नगरचं रणगाडा संग्रहालय नीट कसं पाहावं: अर्ध्या दिवसाची आखणी

अहिल्यानगरला, म्हणजे अजूनही बहुतेकांच्या तोंडी असलेल्या नगरला, सोलापूर रस्त्यावर लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. 'कॅव्हलरी टँक म्युझियम' हे त्याचं अधिकृत नाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या प्रशिक्षण केंद्राने ते उभं केलं आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून मद्रासजवळच्या आवडी इथे बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत सुमारे ५० वाहनं इथे उघड्यावर मांडलेली आहेत.

येणारे बहुतेक जण चाळीस मिनिटांत बाहेर पडतात. पहिल्या पाच रणगाड्यांपुढे फोटो काढतात, सहाव्यापासून सगळे सारखेच दिसू लागतात आणि ऊन चढलं की पाय आपोआप फाटकाकडे वळतात. यात संग्रहालयाचा दोष नाही. रणगाडा समोरून पाहिला की नळी आणि पोलाद यापलीकडे काही दिसत नाही. तो बाजूने पाहावा लागतो आणि आधीच्या-नंतरच्या युद्धाच्या क्रमाने पाहावा लागतो. तेवढं केलं तर अडीच-तीन तास कमी पडतात.

केव्हा जावं, कसं पोहोचावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. फक्त डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा रविवार आणि सहलीचे दिवस टाळून मधला वार धरा. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर सकाळी फाटक उघडताना आत असावं. पोलाद अकराच्या पुढे इतकं तापतं की जवळ उभं राहिलं तरी झळ लागते. पावसाळ्यात गर्दी नसते आणि ढगाळ उजेडात फोटोही चांगले येतात, पण गवतातला चिखल धरून चालायचे बूट हवेत.

साधारण वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी असते. ही जागा लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एखाद्या लष्करी कार्यक्रमासाठी ती अचानक बंद राहू शकते. लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून वेळ, सुट्टीचा वार, तिकीट आणि कॅमेऱ्याचा नियम एवढ्या चार गोष्टी विचारून घ्याव्यात. फोनवर विचारताना 'उद्या चालू आहे का' असं नेमकं विचारा. 'कधी चालू असतं' या प्रश्नाला नेहमीचंच वेळापत्रक ऐकायला मिळतं.

पुण्याहून अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे, केडगाव असा सरळ रस्ता. वेळ खातो तो वाघोलीचा पट्टा. सकाळी सहाच्या आत पुणे सोडलं तर नऊला फाटकात पोहोचता येतं, आठला निघालं तर अकरा धरून चाला. एसटीने येणाऱ्यांनी माळीवाडा स्थानकावर उतरून रिक्षा करावी. रेल्वेने यायचं तर नगर दौंड-मनमाड मार्गावर आहे. रिक्षावाल्याला इंग्रजी नाव सांगण्यापेक्षा 'टँक म्युझियम, सोलापूर रोड' एवढं पुरतं. परतीची रिक्षा तिथे लगेच मिळेल हे गृहीत धरू नका. जातानाच थांबण्याचं किंवा परत न्यायला येण्याचं ठरवून घ्या.

सोबत सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत, माणशी एक लिटर पाणी, टोपी, छोटी वही आणि मोबाइलची पूर्ण भरलेली बॅटरी असू द्या. ड्रोन घरी ठेवा. आजूबाजूचा सगळा परिसर छावणीचा आहे. संग्रहालयात परवानगी असेल तिथे फोटो काढा, पण वाटेतली फाटकं, पहारे आणि लष्करी वाहनं यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

पहिली फेरी: फोटो न काढता

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं नुसती चाला. कुठे काय आहे याचा ढोबळ नकाशा वहीत काढा. मांडणी युद्धांच्या क्रमाने चालत नाही, म्हणून हा नकाशा लागतो. प्रत्येक पाटीवरचं नाव, देश आणि साल एवढंच लिहा. मग त्याचे चार गट पाडा: पहिल्या महायुद्धाचा काळ, दुसरं महायुद्ध, १९६५, १९७१. दुसरी फेरी या क्रमाने करायची. पायपीट वाढते, पण एका गाडीने काय चूक केली आणि पुढच्या गाडीने ती कशी सुधारली हे त्याशिवाय समजत नाही.

प्रत्येक रणगाडा पाहण्याची एकच पद्धत

दहा-बारा पावलं दूर, बरोबर बाजूला उभे राहा. मग याच क्रमाने पाहा:

१. चाकं मोजा. पट्ट्याच्या आत जमिनीवर टेकलेली मोठी चाकं एका बाजूला किती, आणि त्यांच्यातलं अंतर सारखं आहे की जोड्या-जोड्यांनी आहेत.

२. दातेरी चाक शोधा. पट्ट्याला ओढणारं, दात असलेलं चाक पुढे आहे की मागे? पुढे असेल तर गिअरबॉक्स पुढे. इंजिन मागे असूनही दातेरी चाक पुढे असेल, तर मधून दांडा जातो आणि गाडीची उंची वाढते.

३. जोड पाहा. चिलखताच्या पत्र्यांना रिव्हेट आहेत, वेल्डिंग आहे, की अख्खा भाग ओतीव आहे? रिव्हेटचा तोटा असा की बाहेरून गोळा आदळला तर आतल्या बाजूचं रिव्हेटचं टोक तुटून गोळीसारखं आतल्या माणसांत उडे. त्यामुळे वेल्डिंग आणि ओतकाम आलं. ओतीव टरेटचा, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचा, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि रंगाच्या थराखाली ओतताना उठवलेले आकडे कधी कधी तिरप्या उजेडात दिसतात.

४. नळी पाहा. तोंडाशी काही जोड आहे का, मध्यावर किंवा टोकाजवळ फुगवटा आहे का? तो फुगवटा बार उडाल्यावर उरलेला धूर टरेटमध्ये न येता पुढून बाहेर खेचण्यासाठी असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांवर तो दिसणार नाही, पुढच्या काळातल्या बहुतेकांवर दिसेल.

५. झाकणं मोजा. त्यावरून माणसं किती आणि कुठे बसत याचा अंदाज येतो.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. उघड्यावर उभ्या गाड्यांना वेळोवेळी नवा रंग द्यावाच लागतो. रंग आणि त्यावरची चिन्हं हा पुरावा धरून वाद घालणाऱ्यांना वेळ भरपूर असतो, एवढंच म्हणता येईल.

नळीत हात घालू नका, खालच्या झाकणांत बोटं घालू नका. बंद लोखंडात गांधीलमाश्या घर करतात. वर चढायला मनाई असते ती पाळा. पट्ट्यावरून घसरलेल्या पायाला पोलादाची धार कशी लागते हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं महायुद्ध: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

सुरुवात रोल्स-रॉइसपासून करा. सिल्व्हर घोस्ट या आलिशान मोटारीच्या सांगाड्यावर चिलखत आणि गोल टरेट, टरेटमध्ये मशिनगन. मोटार चांगली होती म्हणून ती युद्धावर गेली. इथून पुढच्या गाड्या मात्र युद्धासाठीच बनल्या.

मग ब्रिटिश माटिल्डा आणि जपानी हा-गो एकामागोमाग पाहा. माटिल्डाचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर. हा-गोचं सर्वांत जाड चिलखत १२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटाच्या जाडीचं. हा-गो साधारण साडेसात टनांची, तिघांची गाडी. टरेटमध्ये एकटा कमांडर बसे. तोच बघणार, तोच ३७ मिलिमीटरची तोफ भरणार, तोच मारणार आणि तोच हुकूम देणार. तरीही १९४१-४२ मध्ये मलायात अशाच हलक्या जपानी रणगाड्यांनी ब्रिटिश आणि भारतीय पलटणींना मागे रेटलं, कारण तिथे समोर रणगाडेच नव्हते. माटिल्डाची अडचण उलटी होती. चिलखत भक्कम, पण तिच्या टू-पाउंडर तोफेला स्फोटक गोळा मिळत नव्हता, त्यामुळे समोरच्या तोफखान्यावर मारा करताना ती हतबल होई. तिच्या बाजूच्या जाड पत्र्याला तिरकी भोकं दिसतील. ती पट्ट्यांवरचा चिखल बाहेर पडण्यासाठी आहेत.

चर्चिल मार्क ७ ओळखायला सोपा: एका बाजूला ११ लहान चाकं आणि पट्टा पार डोक्यावरून फिरलेला. पुढचं चिलखत १५२ मिलिमीटर, वजन सुमारे ४० टन, वेग मात्र ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. बाजूला पत्र्यात गोल दार आहे, ते चुकवू नका. गाडी पेटली आणि वरून गोळ्यांचा मारा चालू असला तर बाहेर पडायला तीच वाट.

व्हॅलेंटाइन हा रणगाडा आणि आर्चर ही तोफगाडी यांपुढे मात्र चांगला अर्धा तास काढा. दोन्हींचा खालचा सांगाडा एकच. युद्धाच्या मध्यावर ब्रिटिशांकडे सतरा-पाउंडर ही जबरदस्त रणगाडाविरोधी तोफ आली, पण ती व्हॅलेंटाइनच्या छोट्या अंगावर बसेना. पुढे तोंड करून बसवली तर नळी फार पुढे येई. तेव्हा त्यांनी तोफ उलटी बसवली. आर्चरजवळ जाऊन आधी चालकाची जागा शोधा, मग नळी कुठे बघते ते पाहा. चालक एका दिशेला तोंड करून बसतो, तोफ त्याच्या पाठीमागच्या दिशेला. बार उडाला की तोफेचा मागचा ठोकळा धक्क्याने थेट चालकाच्या जागेत येई, म्हणून बार उडण्याआधी त्याला जागा सोडावी लागे. ऐकायला हा वेडेपणा वाटतो, पण फायदाही होता: दबा धरून दोन बार टाकले की गाडी न वळवता सरळ पुढे पळता येई. या संग्रहालयात एकच गाडी पाहायला वेळ असेल तर ती आर्चर.

शर्मन उंच का आहे हे आता दातेरी चाकावरून समजेल. मागे विमानाच्या धर्तीचं गोल मांडणीचं इंजिन, गिअरबॉक्स पुढे, आणि मधून जाणारा दांडा टरेटच्या खालून. मुख्य कारण तेच. स्टुअर्टचंही तसंच. स्टुअर्टपुढे उभे असताना काश्मीर युद्धातला १ नोव्हेंबर १९४८ आठवा. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या ७ लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटने हे रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत नेले आणि लेहची वाट मोकळी केली. गाडीचा लहान आकार बघितला की ती तिथवर चढू कशी शकली हे पटतं.

जर्मन ८८ मिलिमीटर तोफ रणगाडा नव्हे, पण वगळू नका. विमानं पाडायला बनलेली ही तोफ रणगाड्यांवर वळवली गेली आणि माटिल्डाच्या त्या ७८ मिलिमीटरचा दरारा संपला.

१९६५: पॅटन आणि त्याला अडवणारे

पाकिस्तानकडच्या एम-४७ आणि एम-४८ या दोन्ही अमेरिकन रणगाड्यांना सगळे 'पॅटन' म्हणतात, आणि इथे गोंधळ हमखास होतो. दोघांनाही सहा-सहा चाकं, दोघांवरही ९० मिलिमीटरची तोफ. फरक पुढच्या अंगात आहे. एम-४७चं नाक सपाट पत्र्यांचं, त्यात उजवीकडे मशिनगनची जागा, टरेट अरुंद आणि मागे लांब निघालेलं. त्यात पाच माणसं. एम-४८चं नाक होडीच्या तळासारखं गोलाकार ओतीव, मशिनगन नाही, चालक बरोबर मध्यभागी, टरेट घुमटासारखं. त्यात चार माणसं. एकदा दोन्ही नाकं शेजारी डोळ्यांपुढे आणली की पुन्हा चूक होत नाही.

आता उंची पाहा. एम-४८ तीन मीटरहून उंच आहे आणि वजन पंचेचाळीस टनांच्या वर. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर या गावी पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन अडकले ते का, याचं निम्मं उत्तर इथे उभं राहून मिळतं. पाणी सोडून भिजवलेल्या रानात इतकं वजन रुततं. उभ्या उसात आपल्या शर्मन आणि सेंच्युरियन गाड्या व रिकॉइललेस (बार उडाल्यावर मागे धक्का न देणाऱ्या हलक्या) तोफा दबा धरून होत्या आणि रुतलेला उंच पॅटन त्यांना बाजूने दिसत होता. नगर जिल्ह्यातल्या माणसाला पाणी भरलेल्या उसाच्या रानात ट्रॅक्टरचं काय होतं ते सांगायला नको. जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पॅटन उडवणाऱ्या ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांना परमवीरचक्र मिळालं ते याच लढाईत.

पॅटनच्या पाठोपाठ एएमएक्स-१३ शोधा. फ्रेंच, जेमतेम १५ टन, तीन माणसं. तिचं टरेट दोन भागांचं आहे. नळी वर-खाली करायची तर वरचा अख्खा भाग डुलतो. दोन भागांमधल्या फटीवर रबरी किंवा कापडी घड्यांचं आवरण असतं, ते खाली वाकून पाहा. नळी टरेटसकट हलत असल्यामुळे गोळा आपोआप भरण्याची सोय करता आली: सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती डबडी, म्हणजे बारा बार सटासट. पण बारा संपले की डबडी भरायला माणसाला गाडीबाहेर पडावं लागे, म्हणजे लढाईतून मागे हटावंच लागे. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मू भागातल्या छांबला मेजर भास्कर रॉय यांच्या हाताखालच्या २० लान्सर्सच्या एका स्क्वाड्रनने याच गाड्यांनी पॅटनचा पहिला लोंढा अंगावर घेतला.

सेंच्युरियनपाशी पूना हॉर्स या रेजिमेंटची आठवण काढावी. या घोडदळाचा उगम १८१७ च्या पुण्यातला. १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांनी आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी सेंच्युरियनमधूनच लढताना प्राण दिले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

विजयंता आणि सेंच्युरियन लांबून सारखे वाटतात. सेंच्युरियन सुमारे ५१ टन, विजयंता ३९. बाजूचे पत्रे लावलेले असतील तर खाली वाकून चाकं बघा: सेंच्युरियनची चाकं जोड्यांनी बांधलेली, विजयंताचं प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यावर. विजयंता ब्रिटिश व्हिकर्सच्या परवान्यावर मद्रासजवळच्या आवडीत बनला. चिलखत कमी करून त्यावर १०५ मिलिमीटरची तोफ दिली गेली. हे वजन कमी करण्याचं गणित बरोबर होतं का, यावर दुमत आहे. इंजिनाबद्दल मात्र त्यावर काम केलेल्यांकडून चांगलं क्वचितच ऐकू येतं.

१९७१: दोन लहान गाड्या

पीटी-७६ आणि चॅफी यांची जोडी लावून पाहा. पीटी-७६च्या मागे जाऊन पाण्याचे फवारे सोडणारी दोन तोंडं शोधा. ही गाडी नदीत पोहते. पुढे दुमडलेली फळी असते, ती पाण्यात उघडली की नाक बुडत नाही. पोहायचं म्हणून वजन १४ टन, आणि म्हणून चिलखत पातळ. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या १४ पीटी-७६ आणि पाकिस्तानच्या चॅफी यांची गाठ पडली. युद्ध औपचारिक सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. चॅफीचं चिलखतही फार जाड नाही. त्यामुळे जो आधी पाहील आणि आधी मारेल तो जिंकेल अशी ही लढत होती, आणि बचावाच्या जागी आधीच पोहोचलेल्या आपल्या गाड्यांना तो फायदा मिळाला.

टी-५४ घराण्यातली गाडी दिसली तर पाच चाकं मोजा. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात इतरांपेक्षा जास्त अंतर असतं, तीच खूण. लोंगेवालाच्या वाळूत अडकलेले टी-५९ याच घराण्यातले.

फोटो, मुलं आणि दालन

फोटो काढायचे तर आधी पाटीचा, मग गाडीचा. हा क्रम मोडला की घरी आल्यावर कोणता फोटो कशाचा हे सांगता येत नाही. मोबाइल छातीच्या उंचीवर धरून, दहा पावलं मागे जाऊन, दुप्पट झूमवर बाजूचा फोटो घ्या. जवळून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत नळी राक्षसी मोठी आणि अंग आखूड दिसतं.

लहान मुलांना वही देऊन चाकं मोजायला लावा. ११ चाकांची, पाच चाकांची, उलट्या तोफेची गाडी शोधायला सांगितली की तासभर तक्रार येत नाही. रणगाडा दलातल्या शूरांच्या स्मृती जपणारं दालन मात्र उन्हाच्या वेळेसाठी राखून ठेवा. सकाळी आधी बाहेरच्या गाड्या आणि बाराच्या सुमारास आत. इथे मोठ्याने बोलू नये हे मुलांना दारातच सांगावं.

वेळ उरला तर

जवळच निजामशाहीतला फराहबाग आहे, अर्ध्या तासात होतो. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्राशिवाय जाऊ नका आणि सगळीकडे फिरता येईल असं धरू नका. १९४२ ते ४५ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना ठेवलं होतं तो भाग तिथे आहे. चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर डोंगरावर आहे, तिथे संध्याकाळी जावं. पण पुण्याला त्याच दिवशी परतायचं असेल तर तीनला नगर सोडा. पाचनंतर निघालेल्यांना शिक्रापूरपासून पुढे गाडी ढकलत नेल्यासारखं जावं लागतं.